गाडी न्यूट्रलमध्ये कोणी टाकली? : भरतीवाल्या साहेबांना खुलं पत्र

साहेब,

कळंबोलीच्या ऑफिसात मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतला होता. 19 वर्षं स्टिअरिंग धरतोय, पण ऑफिसातला माणूस ड्रायव्हरसाठी उठून उभा राहिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "आमच्याकडे ड्रायव्हर नसतात, कॅप्टन असतात," असं म्हणून तुम्ही आल्याचा चहा मागवलात. तो चहा मला 4 महिन्यांत कितीला पडला, त्याचा हिशोब आज मांडतो. चारचौघांसमोर मांडतो, कारण गेल्या आठवड्यात तुमचा फोन माझ्या भाच्याला गेला. "मामा, दोन कंपन्या बोलावतायत, कुठं जाऊ?" असं तो विचारतोय. मीही एकदा असाच दोन दारांच्या मध्ये उभा होतो आणि तुमच्या दारात शिरलो.

त्याच दिवशी सकाळी मी पलीकडच्या गल्लीतल्या शेठकडे जाऊन आलो होतो. तो उठला नाही, चहाही विचारला नाही. चष्म्यावरून बघत म्हणाला, "18,000 पगार. रस्त्यावर असशील त्या दिवसाची 350 खुराकी. पीएफ, ईएसआय कापला जाईल, पीएफमध्ये तुझ्याएवढेच मी घालणार. गाडी जुनी आहे, घाटात दमते. जमतंय का बघ." एवढं बोलून तो पुन्हा बिल्ट्या चाळायला लागला.

तुम्ही मात्र कागद ओढून आकडा लिहिलात. किलोमीटरला 4 रुपये, महिन्याला 9,000 किलोमीटर, म्हणजे 36,000. आकड्याखाली दोन रेघा मारल्यात. वर 32 फुटी नवी गाडी आणि एसी केबिन. घरी फोन केला तर बायको म्हणाली, "महिन्याचा आकडा नको सांगू, घरी किती येणार ते विचार." मी विचारलं नाही. त्या दोन रेघांनी माझे डोळे दिपले होते, ही चूक माझी. पण तो कागद माझ्यापुढे सरकवताना पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून दोषी तुम्ही.

9,000 किलोमीटर म्हणजे महिन्याचे तीसही दिवस रोज 300 किलोमीटर. एकही दिवस माल भरायला थांबायचं नाही, खाली करायला थांबायचं नाही, घरी जायचं नाही आणि आजारीही पडायचं नाही. जीएसटीच्या ई-वे बिलाची मुदतसुद्धा 200 किलोमीटरला एक दिवस अशी धरलेली असते. सरकारी कागदाला समजतं की मालाची गाडी वाटेत थांबते. तुम्ही ट्रान्सपोर्टमध्ये मुरलेले, तुम्हाला समजत नव्हतं असं कोण म्हणेल?

पहिल्याच ट्रिपला बंगळूरच्या अलीकडे नेलमंगलाला गोडाऊनबाहेर 3 दिवस लाइनमध्ये उभा राहिलो. डॉक रिकामा नव्हता. गाडी जागची हलत नसली तरी मी तिच्यातच होतो. तिथंच झोपायचं, तिथंच बादलीनं अंघोळ करायची, ताडपत्रीवर आणि डिझेलच्या टाकीवर नजर ठेवायची. हॉल्टिंगचं, म्हणजे थांबल्या दिवसांच्या पैशांचं, विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "चाक फिरलं तर पैसा." पार्टीकडून त्याच 3 दिवसांचे पैसे डिटेन्शन म्हणून तुम्ही वसूल केलेत, हे मला नंतर तुमच्याच मुनशीनं सांगितलं. चाक तुमच्यासाठीही फिरलं नव्हतं, साहेब.

भिवंडीत तीच तऱ्हा. माल उतरवायला माथाड्यांनी वाराई मागितली. ज्याचा माल त्याचा हमाल, असं राज्यातले गाडीमालक वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. मीही तेच म्हणालो. फोनवर तुम्ही म्हणालात, "आत्ता दे, पोच घेऊन ये, मग बघू." पोच दिली. बघायचं काही झालं नाही.

आता महिन्याचा हिशोब. माझ्या 3 ट्रिपा झाल्या. कळंबोली ते बंगळूर आणि परत, साधारण 1,900 किलोमीटरची एक. एकूण 5,700, म्हणजे 22,800 रुपये. 36,000 गेले कुठं हा प्रश्न मी तेव्हाही गिळला, कारण 22,800 सुद्धा शेठच्या 18,000 पेक्षा जास्त दिसत होते. मग तुमचा कापाकापीचा कागद आला.

सगळ्यात मोठा आकडा डिझेलचा होता, आणि हे पत्र खरं म्हणजे त्याच्यासाठी लिहितोय. लिटरला साडेचार किलोमीटरचं ॲव्हरेज तुम्ही ऑफिसात बसून ठरवलंत. त्या हिशोबानं 1,900 किलोमीटरला 422 लिटर. भरलेल्या गाडीनं खंबाटकी चढताना, निपाणीपुढच्या चढांना, पुण्याच्या बायपासला तासभर ट्रॅफिकमध्ये रांगताना 452 खाल्लं. वरचं 30 लिटर माझ्या नावावर, 90 च्या भावानं 2,700 रुपये. 3 ट्रिपांचे 8,100. वजन किती भरायचं हे तुम्ही ठरवायचं, टायर कधी बदलायचे हेही तुम्हीच, आणि डिझेल जास्त लागलं की चोर मी! एसी केबिनचंही कोडं तेव्हा उलगडलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकला सरकारनं एसी केबिन सक्तीची केली, ती ड्रायव्हर उन्हात भाजून निघतो म्हणून. तुमच्या गाडीत एसी होता, पण तो लावला की ॲव्हरेज पडायचं. एप्रिलच्या दुपारी दावणगेऱ्याजवळ काचा खाली करून, मानेवर ओला टॉवेल टाकून मी तुमची एसी गाडी चालवली आहे.

पुढचं मी अजून घरी सांगितलेलं नाही.

तिसऱ्या ट्रिपला परत येताना पहाटे तीनच्या सुमारास कात्रजचा नवा बोगदा ओलांडला. तिथून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. तुमच्या ॲपवर ॲव्हरेजचा आकडा लाल झाला होता. माझा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि मी गाडी न्यूट्रल केली. 19 वर्षांत भरलेली गाडी मी अशी कधी उतरवली नव्हती. गिअरमध्ये असली की उताराला इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये ती ओढ सुटते आणि सगळं वजन ब्रेकवर येतं. मग ड्रम तापतात, लायनर जळायला लागतात. बंद इंजिनावर उतरवणारेही आहेत. तेव्हा तर कॉम्प्रेसर हवा भरायचाच थांबतो आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. मी इंजिन बंद केलं नाही, एवढीच अक्कल शिल्लक होती. तरी मिनिटभरात स्पीडचा काटा कुठच्या कुठं गेला. ब्रेक दाबला तर पायाला नेहमीचा जोर लागेना आणि केबिनमध्ये जळक्या लायनरचा वास शिरला. पुढं एक दुधाचा टेम्पो होता, त्याच्या मागचा लाल दिवा अंगावर येत होता. रेस देऊन वरचा गिअर कसाबसा बसवला, मग एकेक खाली आणला. पूल ओलांडल्यावर डाव्या अंगाला गाडी लावली आणि बराच वेळ खाली उतरलोच नाही. माझे पाय लटपटत होते.

त्याच उतारावर 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकनं पुढच्या गाड्यांना धडक दिली आणि 48 गाड्यांचं नुकसान झालं. आधी ब्रेक फेल म्हणाले. नंतर तपासणीत ब्रेक ठीक निघाले, गाडी न्यूट्रलमध्ये उतरत होती असं सांगितलं गेलं. गुन्हा ड्रायव्हरवर दाखल होतो आणि व्हायलाच हवा, कारण दांड्यावर हात त्याचा असतो. मी तिथं मेलो असतो किंवा कुणाला मारलं असतं, तर पेपरात माझा फोटो आला असता. ॲव्हरेजचा तुमचा कागद पंचनाम्यात आला नसता. उताराला गाडी न्यूट्रल करू नका, असे बोर्ड ड्रायव्हरसाठी लावतात. तसा एक बोर्ड तुमच्या टेबलासमोर लावायला हवा.

त्या महिन्यात डिझेलचे 8,100 कापून 14,700 उरले. एका खोक्याचा कोपरा दबला होता म्हणून 1,500 गेले, एका चलनाचे 1,000 गेले. हातात आले 12,200. खुराकी नव्हतीच, म्हणजे महिनाभर ढाब्यावर जेवलो तेही त्यातूनच. पीएफ नाही, ईएसआय नाही. "तू कॅप्टन आहेस, पार्टनर आहेस, कामगार नाहीस," असं तुम्ही म्हणालात. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात लिहिलं होतं की नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीनं झालेलं असलं पाहिजे आणि कापण्याआधी त्याला म्हणणं मांडू दिलं पाहिजे. नव्या वेतन संहितेतही ते कायम आहे. मला कुणी काही विचारलं नाही. थेट आकडा आला.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाचे 8 तास, 5 तासांनंतर अर्धा तास विसावा, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला होता. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तुम्ही हे मोडायला कुणाला धमकी दिली नाहीत. फक्त किलोमीटरवर पैसे लावलेत. मग डोळे मिटत असतानाही ड्रायव्हर आपणहून गाडी हाकतो, आणि "आम्ही कुठं सांगितलं होतं?" असं म्हणायला तुम्ही मोकळे.

सोडायचं ठरवलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. नोकरीला लागताना "फॉर्मॅलिटी आहे" म्हणत तुम्ही माझं ओरिजनल लायसन्स आणि सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला होता. लायसन्स परत मिळवायला मला 9 दिवस तुमच्या दारात बसावं लागलं. ड्रायव्हरचं लायसन्स म्हणजे त्याचं पोट आहे. ते ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवायचं आणि वर त्याला कॅप्टन म्हणायचं, हे तुम्हालाच जमलं.

भाच्याला मी काय सांगितलं तेही ऐका. म्हटलं, ऑफिसात नंतर जा. आधी त्यांच्या गाड्या उभ्या असतात त्या पार्किंगमध्ये जा आणि स्टोव्हवर डाळ शिजवत बसलेल्या ड्रायव्हरशेजारी बस. गेल्या 3 महिन्यांत हातात किती पडले ते त्याला विचार. हॉल्टिंग कोण देतं, वाराई कुणाच्या खिशातून जाते, डिझेल जास्त लागलं तर काय होतं, घरी कधी गेला होतास, हे विचार. पीएफ कापतो म्हणणाऱ्याला मोबाइलवर एका ड्रायव्हरचं पासबुक दाखवायला सांग. मालक ओव्हरलोड भरतो का ते बघ, कारण पकडलं की दंड 20,000 पासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000, आणि नाक्यावर गाडीसोबत उभा तू असणार. लायसन्स दाखव, झेरॉक्स दे, ओरिजनल कुणाच्या टेबलावर ठेवू नकोस. कोऱ्या कागदावर तर सहीच नको. जो आकड्याखाली रेघा मारतो त्याला तिथंच सांग की यातून काय काय कापणार, तेही याच कागदावर लिहून सही करा.

मी आता त्या पलीकडच्या गल्लीतल्या शेठकडे आहे. गाडी जुनीच आहे, घाटात दमते, तो अजूनही चहा विचारत नाही. गेल्या महिन्यात मुलाला ताप आला तेव्हा ईएसआयच्या कार्डावर औषध मिळालं. नवले पुलाचा उतार मी तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो. मागचे हॉर्न मारतात, मारू देत.

तुमच्याकडे माझं एकच काम राहिलंय. सही केलेला तो कोरा चेक अजून तुमच्या कपाटात आहे. तो रजिस्टर पोस्टानं परत पाठवा. माझा पत्ता तुमच्याच फॉर्मवर आहे. आणि माझ्यासारख्या ज्यांचे ज्यांचे चेक त्या कपाटात आहेत, त्यांचेही पाठवा.

तुमच्याकडे 4 महिने गाडी चालवलेला
एक ड्रायव्हर