वाटीमामा

मामा बोलता बोलता खिडकीकडे बघायचा. आम्ही भाचरंही खिडकीकडे बघायचो. तेवढ्यात बशीतला शेवटचा बेसनलाडू गेलेला असायचा. पुढे मामाने याच गुणाला तिकीट लावलं. माणशी दोनशे रुपये, चहासह.

खेळ तसा एकच. तीन वाट्या, तीन गोळ्या. गोळी या वाटीखाली ठेवली तर त्या वाटीखाली निघते, खिशात टाकली तर परत वाटीखाली येऊन बसते, आणि शेवटी वाट्या उचलाव्यात तर गोळ्यांच्या जागी भलतंच काहीतरी. जगभरचे जादूगार हा खेळ पेल्यांनी करतात. आपल्याकडे रस्त्यावरचा गारुडी वर गाठ असलेल्या लाकडी वाट्या घेऊन जमिनीवर बसायचा. मामाने या वाट्या तांबट आळीतून पितळेच्या करून घेतल्या. एकीत एक बसली पाहिजे पण अडकता कामा नये, या एका अटीवर तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेला तांबटाने विचारलं, "पण आमटी किती मावणार हिच्यात?" मामा तो अपमान अजून विसरलेला नाही. नाव मात्र तेव्हापासून पडलं ते पडलंच.

लहानपणी मामाने जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहिला होता, शेवटच्या रांगेतून. समोर एक उंच काका बसले होते. टाळ्या पडल्या की आपणही वाजवायच्या, एवढाच काय तो मामाचा प्रयोगातला सहभाग. त्यामुळे मोठेपणी त्याने ठरवून टाकलं की आपली जादू हाताच्या अंतरावर, टेबलाला गुडघे लागतील इतक्या जवळून. खुर्च्या पंचवीस. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

सुरुवातीला इतिहास सांगितला जातो. रोमच्या सेनेकाने पहिल्या शतकात एका पत्रात याच खेळाचा दाखला दिला आहे: फसवलं जाण्यातच गंमत, युक्ती कळली की रस संपला, अशा अर्थाचा. मामाने तो मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावलाय, 'चपला बाहेर काढाव्यात'च्या बरोबर खाली. मग मामा इजिप्तला जातो. बेनी हसनच्या थडग्यातल्या चित्रात चार हजार वर्षांपूर्वीचा हाच खेळ आहे, असं ठोकून देतो. मी एकदा म्हटलं, "मामा, अरे, ते चित्र दुसऱ्याच कुठल्या तरी खेळाचं असावं असं अभ्यासक म्हणतात." मामा म्हणाला, "अभ्यासकांनी तिकीट काढलं होतं का?"

तिकिटावर मामाची श्रद्धा आहे. लग्नात कोणी "मामा, एखादी जादू होऊन जाऊ द्या" म्हटलं की तो पंगतीत जाऊन बसतो. त्याचं म्हणणं, फुकट बघणारा टाळी वाजवून मोकळा होतो, दोनशे रुपये मोजलेला माणूस हिशेब तपासतो. आणि हिशेब तपासणाऱ्याला फसवण्यात जी मजा आहे ती टाळीत नाही. असा एक गृहस्थ खरोखरच आला. निवृत्त लेखापरीक्षक. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला आणि म्हणाला, "हं, चालू द्या." खेळ संपल्यावर सगळे चहाकडे वळले, हा जागचा हलेना.

"गोळी तुमच्या डाव्या हातात आहे."

मामाने डावा हात उघडला. रिकामा.

"मग उजव्या."

उजवाही रिकामा. गृहस्थ क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे ही जादू नव्हेच. ही शुद्ध लबाडी आहे."

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. तिकीट काढून. असे चार रविवार.

शेवटी वाटीखालून काय काढायचं, हा या धंद्यातला अवघड प्रश्न. परदेशात लिंबं काढतात. मामानेही काढली. तिन्ही वाट्या उचलल्या, तीन पिवळीधमक लिंबं, आणि पहिल्या रांगेतल्या आजी नातवाला बखोटीला धरून थेट जिन्याकडे. आपल्याकडे अचानक प्रकटलेल्या लिंबाकडे सरबताच्या नजरेने कोणी बघत नाही, हे मामाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आठवड्याभरात सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "तुमच्या या प्रकाराला तो २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा लागत नाही ना?" मामाने कायद्याची झेरॉक्स आणली, लाल पेनाने अधोरेखित करून सोसायटीच्या फलकावर लावली. लिंबांचे चिकू झाले. शिवाय लिंबू मे महिन्यात परवडतही नव्हतं.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांवर मात्र मामाचा राग आहे, आणि तो तात्त्विक नाही. ते गावोगाव बाबा-बुवांचे चमत्कार करून दाखवतात आणि वर कसे केले तेही सांगतात. "काम चांगलंच आहे रे त्यांचं," मामा म्हणतो, "पण फुकट?"

मध्यंतरी त्याने ऐकलं की अमेरिकेतली पेन आणि टेलर ही जोडी हा खेळ पारदर्शक पेल्यांनी करते, आणि सगळं दिसत असूनही लोक चकतात. मामाने घरातले काचेचे चहाचे ग्लास घेतले आणि आम्हाला समोर बसवलं. आम्हाला सगळं दिसलं. अगदी सगळं. मामी म्हणाली, "अहो, आज पहिल्यांदा तुमचा खेळ समजला मला. आता ते ग्लास विसळून ठेवा."

मामीला प्रयोगाला यायला बंदी आहे. तिला युक्ती ठाऊक आहे म्हणून नव्हे, ती विचारतसुद्धा नाही. पण चाळीस वर्षांच्या संसारात तिला एक सवय लागलीय: मामा ज्या हाताकडे बघतो, ती दुसऱ्या हाताकडे बघते. भाजीची पिशवी, लाइट बिलाची पावती, डॉक्टरांनी बंद केलेली शेव, सगळं ती असंच पकडते. पहिल्या प्रयोगाला ती आली होती. सगळे उजवीकडे बघत होते, मामी एकटी डावीकडे, आणि मामाचा हात अर्ध्यात थांबला. इतक्या वर्षांत गोळी जमिनीवर पडली ती त्या एकाच दिवशी. ती घरंगळत मामीच्या पायाशी आली, मामीने उचलली, फुंकर मारली आणि सगळ्यांदेखत मामाच्या हातात दिली. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या.

गणपतीत जागरणाला पत्ते निघतात तेव्हा मामाला डावात कोणी घेत नाही. तो बाजूला बसून सगळ्यांना चहा देतो. कोपऱ्यावरचा वाणी त्याने दिलेली नोट दोनदा उलटून बघतो. खरं तर हातचलाखीची भाकरी खाणारा हा माणूस व्यवहारात इतका भोळा आहे की दर महिन्याला कोणीतरी त्याच्या गळ्यात नवीन विमा पॉलिसी मारतं. त्या एजंटाच्या कुठल्या हाताकडे बघायचं ते त्याला कळत नाही.

प्रयोग रविवारी संध्याकाळी सहाला असतो. जाणार असाल तर सुटे दोनशे न्या, आणि चिकू परत द्यावे लागतात.