संवादलेखन, इयत्ता पहिली

नवोदित पटकथाकाराने आधी पात्राची मिळकत ठरवावी, भाषा मागोमाग येते. नायकाची आई शिक्षिका असेल तर ती घरातही प्रमाण मराठीच बोलेल. वडील कारखानदार असतील तर त्यांच्या दर वाक्याच्या शेपटाला ‘यू नो’ बांधा. कामवाल्या बाईला ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि ‘बाईसायेब’ एवढा ऐवज पुरतो. ती कुठल्या जिल्ह्यातली, हे विचारू नका. तिची बोली अर्धी कोल्हापूरची, पाव विदर्भाची आणि उरलेली मेकअपरूमची असते. असं बोलणारं माणूस कुठल्याच तालुक्यात नसल्यामुळे तक्रारही येत नाही. बोली हशासाठी किंवा हुंदक्यासाठी राखून ठेवा. बोलीत कुणी गृहकर्जाच्या व्याजदरावर बोलू लागलं की प्रेक्षक बिचकतो.

आता प्रात्यक्षिक. कळव्याला जा (धीम्या लोकलने, जलद तिथे थांबत नाही). सकाळी बायकांच्या डब्याजवळ उभे राहून कान द्या. एकच बाई फोनवर साहेबांशी इंग्रजीत बोलते, खारेगावच्या सासूशी आगरीत, भाजीवाल्याशी हिंदीत आणि मुलाच्या वर्गशिक्षिकेशी ठेवणीतल्या मराठीत. आणि मुलुंडही आलेलं नसतं! नवोदितांनी घाबरू नये. या बाईंची चार पात्रं करा आणि प्रत्येकाला एकेक भाषा वाटून टाका.

काही दिग्दर्शक ही वाटणी करत नाहीत, त्यांच्यापासून जपून राहा. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याचं कुटुंब आपापसात कैकाडी बोलतं, गावाशी मराठी. चैतन्य ताम्हणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) तर अभ्यासक्रमच मोडीत काढतो. सरकारी वकील नूतन इंग्रजी कलमं एका सुरात, एका दमात वाचून टाकते, मराठीत वाद घालते आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. बचावपक्षाचे व्होरा मराठी नीट कळत नाही म्हणून हिंदी किंवा इंग्रजी मागून घेतात, आणि त्यात त्यांना काही कमीपणाही वाटत नाही. मराठी न येणं त्यांना परवडतं. इंग्रजी न येणं नूतनला परवडलं नसतं. इथे उच्चारांवरून कुणाची पायरी ठरत नाही. कोण कुणासाठी भाषा बदलतं, तेवढं बघावं लागतं. नवशिक्यांना हे जड जाईल, म्हणून परीक्षेला नाही.

गृहपाठ मात्र सक्तीचा. ‘कोर्ट’नंतर रोहेना गेरा यांचा ‘सर’ (२०१८) पाहा. विवेक गोम्बर आणि गीतांजली कुलकर्णी दोन्हीकडे आहेत. ‘कोर्ट’मध्ये ते समोरासमोरचे वकील, ‘सर’मध्ये तो मालक आणि ती दुसऱ्या घरात घरकाम करणारी. तो किती भाषांत निभावून नेतो आणि तिला किती लागतात, ते मोजून लिहा. उत्तर मराठीत लिहिल्यास शुद्धलेखनाचे गुण कापले जातील. इंग्रजीत लिहिल्यास तपासलं जाणार नाही.