टाकीत डिझेल हाय का?

केसनंद फाट्याजवळ आल्यावर सगळी वाहनं एकाच वेगाने जायला लागतात. तीस लाखांची गाडी घेतलेला माणूस आणि म्हातारा ट्रॅक्टर चालवणारे माझे मामा तिथे शेजारी शेजारी सरकत असतात. मामा उंचावर बसलेले असल्याने पुढची कोंडी त्यांना आधी दिसते आणि ते ती खालच्यांना ओरडून कळवतात, एवढाच काय तो फरक.

मामांची शेती वाडेबोल्हाईला. ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नव्हता. गेले काही दिवस त्याने एक खोड धरली होती. स्टार्टर मारला की खणखणीत सुरू व्हायचा. थोडं अंतर गेला की आवाज खाली-वर व्हायला लागायचा, मग मिस मारायचा आणि शेवटी गुदमरून बंद. काही वेळ थांबलं की पुन्हा तालात. मिस्त्री वाघोलीत. तो म्हणाला, "मी तिकडं येत न्हाई, फाट्यावर अडाकलो तर दिस जातोय. तुमीच आणा." मी वाघोलीतच फ्लॅट घेऊन राहतो, म्हणून परतीच्या प्रवासाला माझी मडगार्डवर सोय झाली.

केसनंद ओलांडलं आणि ट्रॅक्टरने पहिली मान टाकली. मागच्या डंपरमधून ड्रायव्हर उतरला आणि त्याने पहिला प्रश्न केला, "टाकीत डिझेल हाय का?"

मामांना हा प्रश्न म्हणजे खानदानाचा अपमान वाटतो. "सकाळीच गळ्यापर्यंत भरलंय!" असं म्हणून ते पुरावा दाखवायला निघाले. टाकीचं मूळ झाकण कधीचंच हरवलेलं. मामा भावडीच्या खाणींवरून खडी वाहतात; त्या धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून त्यांनी तोंडावर दुधाच्या पिशव्या दुहेरी घालून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली होती. ती सोडली, डिझेल दाखवलं, पुन्हा बांधली.

"मग एअर धरलीय," डंपरवाला म्हणाला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून त्याने फीड पंपाची दांडी खालीवर केली. आधी थोडा फेस आला, मग सरळ धार लागली, तसा त्याने स्क्रू आवळला. शास्त्राप्रमाणे काम होतं, नाव ठेवायला जागा नाही. डिझेलच्या वाटेत हवा अडकली की पंपाचा दाब ती हवा दाबण्यातच संपतो आणि नोझलपर्यंत फवारा पोचत नाही. स्टार्टर मारताच ट्रॅक्टर धडधडला. डंपरवाला हात पुसत आपल्या आसनावर गेला.

फाट्यावर पुन्हा तेच. या खेपेला पाण्याचा टँकरवाला. पहिला प्रश्न तोच. मामांनी पुन्हा पट्टी सोडली, डिझेल दाखवलं, पट्टी बांधली. 2021 साली वाघोली पुणे महापालिकेत गेली तरी आमच्याकडे टँकरवाल्याच्या शब्दाला नगरसेवकापेक्षा जास्त वजन आहे. तो म्हणाला, "डिझेलमध्ये पाणी." ज्याचा धंदा पाण्याचा, त्याला दुसरं काय दिसणार! पण त्याचंही चूक नव्हतं. पाणी जड म्हणून फिल्टरच्या बुडाशी बसतं. खालचा बोल्ट सोडून त्याने चहाच्या ग्लासात थोडं काढलं आणि तळाशी लोळणारा एक थेंब विजयाने दाखवला. तो त्याच्या कपाळावरचा घाम असावा अशी मला शंका आहे. ट्रॅक्टर मात्र सुरू झाला.

मुख्य रस्त्याला लागलो तेव्हा आवाज पुन्हा खाली-वर. शेजारी शाळेची बस उभी होती. खिडकीतून एका पोरीने विचारलं, "काका, ती पिशवी आत का ओढली गेलीय?"

"अभ्यासात लक्ष दे," मामा म्हणाले. तेवढ्यात इंजिन बंद.

आता खराडीच्या ऑफिसातून परतणारा एक इंजिनिअर मोटारसायकलवरून उतरला. "काका, टाकी रिकामी नाही ना?" मामांनी दात-ओठ खात पट्टी सोडली. तेवढ्या वेळात त्याने आम्हाला माहिती दिली, की ज्याने हे इंजिन शोधलं तो रुडॉल्फ डिझेल 1913 साली अँटवर्पहून इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून नाहीसा झाला आणि पुढे त्याचं प्रेतच समुद्रात सापडलं.

"कुणीतरी रस्त्यात इंजिन बघायला बोलावलं आसंल," मामा पट्टी बांधत म्हणाले.

"एकदा पूर्ण बंद करून परत सुरू करा," इंजिनिअरने सांगितलं. बंद तर होताच. सुरू केला. चालला! इंजिनिअरने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी कंपनीत पगारवाढीच्या दिवशी पाहिली आहे.

उरलेल्या वाटेवर वाघेश्वराचं देऊळ लागलं. तिथेच सरदार पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे. मराठी फौजांबरोबर माळवा-बुंदेलखंडापर्यंत दौड मारणारा हा माणूस. आज त्यांना निघायचं असतं तर बुंदेलखंडाचं सोडा, खराडीपर्यंत पोचल्याचा खलिता धाडला असता.

मिस्त्री जुन्या वळणाचा. बंगळुरात 1951 साली सुरू झालेल्या, डिझेलचे पंप बनवणाऱ्या कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, पण त्याच्या तोंडी अजून 'मायको'च. तीस वर्षं ट्रॅक्टर उघडलेला माणूस, त्यामुळे 'डिझेल हाय का' असलं पोरकट काही त्याने विचारलं नाही. आणि तिथेच सगळं बिनसलं. त्याने एअर काढली, ट्रॅक्टर लगेच मेला. फिल्टर बदलला, तेच. मग एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून कुठला सिलिंडर काम करत नाही ते कानाने टिपायला लागला. तिघांची रड सारखीच. रस्त्यावरच्या अडाण्यांनी चालवून दाखवलेला ट्रॅक्टर उस्तादाच्या हातात चालेना. मामांच्या चेहऱ्यावर मला किंचित समाधान दिसलं. मिस्त्रीने घाम पुसत जाहीर केलं, "मायकोचा पंप उतरवावा लागंल." खर्चाचा आकडा ऐकून ते समाधान गेलं.

पंप उतरवायच्या आधी हात धुवायला डिझेल हवं, म्हणून त्याने हाताखालच्या पोराला टाकीतून मगभर काढायला पिटाळलं. पोराने पट्टी सोडली. फुस्स!

"उस्ताद, टाकीनं श्वास घेतला!"

मिस्त्री गप्प झाला. मग त्याने झाकणाविना स्टार्टर मारला. ट्रॅक्टर चालला, चालतच राहिला. पंपाने ओढलेल्या डिझेलची जागा घ्यायला टाकीत हवा शिरावी लागते. त्यासाठीच झाकणाला बारीक भोक असतं. मामांच्या धूळबंद बंदोबस्तातून ती शिरत नव्हती. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, वर हवा जेमतेम, त्यामुळे दम आणखी लवकर कोंडायचा. रस्त्यावर प्रत्येकाने प्रश्न विचारून टाकी उघडायला लावली होती आणि यशाचं श्रेय आपापल्या औषधाला दिलं होतं.

"पिशवीला भोक पाडतो," मिस्त्री म्हणाला.

"आन् धूळ?" मामा. एवढ्या श्रमाने बांधलेल्या पिशवीवर ते ठाम होते. शेवटी भंगारातलं एक जुनं झाकण निघालं, त्याचं बुजलेलं भोक तारेने मोकळं केलं आणि दोघांचीही अब्रू वाचली.

मामा मला सोसायटीच्या फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे तोच टँकर पाइप सोडून उभा. ड्रायव्हरने लांबूनच हाक मारली, "काय मामा, पाणीच निघालं ना?"

"पाणीच! चांगलं ग्लासभर!" मामांनी ओरडून सांगितलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. क्लच दाबत ते हळूच म्हणाले, "उद्या तुमच्या सोसायटीला पाणी ह्योच आणनार हाय का न्हाई? मग?"