गुरुजींची घटमांडणी

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात गोल घट आखायचा, कडेने अठरा धान्यं मांडायची. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, भजी, करंजी, कुरडई आणि बाजूला पान-सुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे कुठला दाणा सरकला, कुठलं ढेकूळ किती भिजलं हे बघून पाऊस, पीक आणि राजाची गादी यांचं भाकीत सांगायचं. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात. शास्त्राचा याला आधार नाही, पण सकाळी पेपरात बातमी असतेच.

आमचं म्हणणं एवढंच, की शेतकऱ्याचं भाकीत होतं तर मास्तरचं का नको? शेतकऱ्याला पावसाचा घोर चार महिने, मास्तरला आदेशांचा घोर बारमाही. म्हणून यंदा एका दोनशिक्षकी शाळेच्या नावाने आम्ही कागदावरच घट मांडला. शाळा घाटावरची की घाटाखालची, हे विचारू नये. बदलीच्या पोर्टलखेरीज तो फरक आता कोणाला कळत नाही.

धान्यं अशी मांडली: यू-डायस, सरल, शालार्थ, आधार, अपार, पोषण आहार, गणवेश, पाठ्यपुस्तकं, शिष्यवृत्ती, मतदार यादी, निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण, निरक्षरांचा शोध, वृक्षारोपण, सेल्फी, ऑनलाइन प्रशिक्षण आणि तपासणी. अठरा भरली. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा म्हणाला, "अन् मास्तर, शिकवनं कुठी ठेवलं तुम्ही?" आम्ही पुन्हा मोजलं. शिकवणं राहिलंच होतं. पण परंपरा अठराची आहे, एकोणिसाव्याला जागा नाही. आता भाकीत ऐका.

पहिला महिना. ऊन फार म्हणून विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पोर्टलला मात्र ऊन लागत नाही. प्रवेशोत्सव होईल, पहिलीतल्या पोरांना गुलाबाचं फूल मिळेल, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आधार कार्डावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळवण्याचा उत्सव सुरू होईल. आधार जुळलं तर पोरगं संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षक ठरवण्याच्या हिशेबात, मोजलं जाईल. नाही जुळलं तर समोर बसून बाराखडी म्हणत असलं तरी ते पटावर नाही. पोरगं मोजलं गेलं नाही, तर गुरुजी अतिरिक्त. थोडक्यात, पोराचं शिक्षण गुरुजींच्या हाती आणि गुरुजींची नोकरी पोराच्या अंगठ्याच्या ठशावर.

दुसरा महिना. संदेशांची संततधार. तिसरीत वजाबाकी चालू असेल. फळ्यावर बावनातून सतरा वजा करायचे, दोनातून सात जात नाहीत, म्हणून पाचाकडून एक दशक उसना घेतलेला. तेवढ्यात केंद्राच्या ग्रुपवर आदेश पडेल: 'अत्यंत तातडीचे. खालील लिंक आजच १२ पर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास तसे कळवावे. विलंबास मुख्याध्यापक जबाबदार राहतील.' घड्याळात पावणेबारा. शाळेत रेंज नाही. गुरुजी मोबाइल उंच धरून मारुतीच्या पारावर जातील. लावलेल्या रोपाचा अक्षांश-रेखांशासह फोटो चढवायचा आहे. फोटो चढेपर्यंत खिचडीची वेळ होईल. मग तांदळाचा साठा, उपस्थिती, चव घेतल्याची सही. दुपारी फळ्याकडे यावं, तर पाचाच्या डोक्यावरचा चार कोणीतरी पुसलेला. पोरांचं उत्तर पंचेचाळीस. वरिष्ठांच्या तपासणीत शेरा: 'मुलांना वजाबाकी येत नाही.'

खिचडीवरून आठवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जून २०२४ मध्ये पाककृतींची यादी आली, एखाद्या लग्नाच्या आचाऱ्याने हेवा करावा अशी. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून सोय करा असं सांगण्यात आलं. गावात लोक कोण आणि सहभाग कोणाचा, हे गुरुजींच्या खिशाला पाठ आहे.

तिसरा महिना. यात शिक्षक दिन येतो. त्या दिवशी गुरुजींनी जपून राहावं. २०२४ च्या ५ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर मुहूर्तावर, शासन निर्णय निघाला: वीस किंवा कमी पटाच्या शाळेत दोनांपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमावा, मानधन महिना १५ हजार. ओरड झाल्यावर वीसाचे दहा झाले. २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. मोर्चातले आकडे बाकी सगळ्यांना कळले, एकट्या शासनाला ते नेहमीप्रमाणे निरंक दिसले. आधीच नवा मास्तर शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं सेवा करतो. त्याला महिना ६ हजार मिळायचे, २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार झाले. एवढ्यात त्याने मुख्यालयी घर घ्यावं, ग्रामसभेचा ठराव आणावा आणि गावाला आदर्श वाटावा अशी अपेक्षा आहे.

चौथा महिना आणि पुढचं सगळं. योग जोरदार आहेत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. अपवाद तीनच: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. कायदा करणाऱ्यांनी निवडणुकांत ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत सगळं धरलं, म्हणजे अपवाद तीन आणि मोसम बारा. जानेवारी २०२४ मध्ये मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण आलं, तेही गुरुजींनी दारोदार फिरून केलं. निरक्षरांच्या सर्वेक्षणावर २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे शासनाच्या लक्षात आलं की हे काम आपण शिक्षकांना दिलं होतं.

आता जनगणनेची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावं. ज्यांची नेमणूक झाली तेव्हा टीईटी नावाची परीक्षाच नव्हती, तेही आले. म्हणजे पन्नाशीतले गुरुजी दिवसा माणसं मोजणार, रात्री बालमानसशास्त्र घोकणार. विषय मात्र चांगला आहे. 'मुलांसोबत पुरेसा वेळ घालवण्याचे महत्त्व' यावर प्रश्न येतो. सोडवता येईल, अनुभव नसला तरी.

उरली पान-सुपारी, म्हणजे राजाची गादी. राजा कायम आहे. गादीला धोका नाही. राजाचं शिक्षकांकडे बारीक लक्ष आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याने वर्गात शिक्षकाचा फोटो लावायला सांगितला. हेतू दूरदर्शी होता. गुरुजी मतदार यादी घेऊन वाड्यावस्त्यांवर गेले तरी पोरांनी चेहरा विसरू नये. १५ मार्च २०२४ ला तर राजाने एकाच तारखेला दोन गोष्टी ठरवल्या: कुठल्या शाळेत शिक्षक किती असावेत आणि शिक्षकाने घालावं काय. पहिल्या निर्णयाने सहावी ते आठवीत वीसापेक्षा कमी पोरं असतील तिथे शिक्षकच राहणार नाही, अशी भीती गावोगाव पसरली. दुसऱ्याने जीन्स-टीशर्ट बंद केले, शर्ट खोचायला लावला आणि नावापुढे 'टि' लावायची मुभा दिली. डॉक्टर, वकील यांच्यासारखा मान मिळावा म्हणून. शिक्षक नसला तरी चालेल, पण असला तर शर्ट खोचलेला हवा.

आता गंमत बाजूला ठेवू. ही अठरा धान्यं मास्तरच्याच पदरात का पडतात? कारण गावात रोज हजर असणारा, लिहिता-वाचता येणारा आणि 'नाही' म्हणायची सोय नसलेला सरकारी माणूस तो एकच. तलाठ्याकडे चार गावं, ग्रामसेवकाकडे तीन. मास्तर साडेदहाला सापडतो. जो सापडतो त्याला काम, ही आपल्या राज्यकारभाराची खरी रीत आहे. मास्तरांत कामचुकार नाहीत असं नाही. आहेत, आणि या अठरा धान्यांचा सर्वांत मोठा आधार त्यांनाच आहे. कारण न शिकवल्याचं कारण आता शासनच लेखी पुरवतं. मरण आहे ते शिकवू पाहणाऱ्याचं.

आणि पोराचं. मजुरीला जाणाऱ्या बाईचं पोरगं जिल्हा परिषदेच्या शाळेतच येतं. कॉन्व्हेंटची पिवळी बस दारात येणाऱ्यांना जनगणनेने काही फरक पडत नाही.

म्हणून ही विनंती राजाला नाही, पालकांना आहे. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीला चहा पिऊन सही करून उठू नका. एकच प्रश्न विचारा: या महिन्यात गुरुजी वर्गाबाहेरच्या कामाला किती दिवस होते, कोणाच्या आदेशाने? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. एवढी एक माहिती आजवर कुठल्याच लिंकवर कोणी मागितलेली नाही.