सांगेल तो भरेल

मोटारविम्याचा कागद नीट वाचला तर गाडीची अख्खी कुंडली हाती लागते. इंजिन किती सीसीचं, पेट्रोलवर चालतं की डिझेलवर, चॅसिस नंबर काय, नोंद कोणत्या आरटीओत, कर्ज कोणत्या बँकेचं. आता त्याच कागदावर गाडी चालवणारा शोधून दाखवा. तो मागच्या पानावर एका कलमात उरकलेला असतो: वैध परवाना असलेली कोणीही व्यक्ती. मग ती व्यक्ती पंचवीस वर्षं आरसा बघून वळणारी असो, की आरसा फक्त भांग पाडायला वापरणारी असो.

तरीही एकाच सोसायटीत, एकाच वर्षी घेतलेल्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे प्रीमियम वेगळे निघतात. कमी भरणारा जास्त भरणाऱ्याकडे असा बघतो, की आपल्या ड्रायव्हिंगचा सत्कारच झालाय. त्यासाठी हा खुलासा.

आधी थर्ड पार्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ म्हणतं, की हा विमा सक्तीचा. त्याचे दर कंपनी नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. सिग्नल पिवळा होताच थांबणाऱ्याला ३,४१६ आणि पिवळा दिसताच पाय दाबणाऱ्यालाही ३,४१६. इतकी चोख समता आपल्याकडे रेशनच्या रांगेतही नसते. गंमत अशी, की तुम्ही ज्याला धडक देता त्याची भरपाई विम्याच्या याच भागातून होते. चालवणारा कसा आहे, हे जिथं सगळ्यात आधी विचारायला हवं, तिथंच ते कोणी विचारत नाही. पाप मोजायचं ते सिलिंडरच्या आकारावरून.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान. याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले. मात्र २००२ च्या जुन्या दरपत्रकानं पाडलेले देशाचे दोन तुकडे अजून कंपन्यांच्या हिशोबात नांदतात. झोन ए मध्ये अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. उरलेला भारत झोन बी. पाच वर्षांच्या आतल्या, हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला त्या दरपत्रकात ए साठी गाडीच्या किमतीच्या ३.२८३ टक्के लावले होते आणि बी साठी ३.१९१. सहा लाखांच्या गाडीवर हा फरक होतो ५५२ रुपये. म्हणजे उलट्या दिशेनं ‘फक्त समोरच्या गल्लीपर्यंत’ येणारे दुचाकीस्वार, सायलेन्सर काढलेले बुलेटवाले, रिक्षा, खोदकाम, गणपतीचे मांडव, हे सगळं पुणं मिळून वर्षाला ५५२ रुपये. सातारकरांना तेवढं माफ.

त्यातही झोन ठरतो तो गाडी कुठं धावते यावर नाही, तर कुठं नोंदली यावर. एमएच-११ ची पाटी लावून कोणी रोज सकाळ-संध्याकाळ कर्वे रस्ता तुडवत असला, तरी कागदोपत्री तो कास पठारावर फुलं बघतोय. एमएच-१२ वाला पेन्शनर गाडी झाकून ठेवून दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधण्यापुरताच तिचं दर्शन घेत असला, तरी दर महानगराचा.

चोराचाही विचार झालेला आहे. पुण्यातल्याच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं मान्यता दिलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलंत, तर अडीच टक्के सूट, फार तर पाचशे रुपये. गाडी पळवणाऱ्याची एवढी दखल, चालवणाऱ्याची नाही.

खरी मौज मात्र बोनसमध्ये आहे. वर्षभर क्लेम केला नाही तर ओन डॅमेजवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा. गाडी विकली तरी तो नव्या गाडीवर घेऊन जाता येतो. पॉलिसी संपून नव्वद दिवस लोटले, की तो जातो. आणि एक क्लेम केला, की शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून.

आमच्या सोसायटीत दोन सभासद आहेत. एक तळमजल्यावरचे काका, निवृत्त बँक अधिकारी. इंडिकेटर दिल्याशिवाय पार्किंगमधूनही निघत नाहीत. दुसरे तिसऱ्या मजल्यावरचे साहेब. त्यांच्या गाडीच्या डाव्या दारावर बसचा पिवळा रंग आहे, मागच्या बंपरवर कुठल्याशा कठड्याचा चुना आहे आणि पुढचा बंपर प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधून ठेवलेला आहे. साहेबांनी आजवर एकही क्लेम केलेला नाही. ‘फुकटचं लफडं कोण करणार,’ असं ते म्हणतात. त्यांना ५० टक्के बोनस आहे.

काकांची उभी गाडी कुणीतरी ठोकून पसार झाला. काका सरळमार्गी, त्यांनी क्लेम केला. गॅरेजवाल्यानं ठरलेला प्रश्न विचारला, ‘इन्शुरन्स की कॅश?’ कारण उत्तराप्रमाणे बिल बदलतं. सर्व्हेअर आला, चारी बाजूंनी फोटो काढून गेला. बंपर समजा सहा हजारांचा. प्लॅस्टिकच्या भागांवर घसारा ५० टक्के, म्हणजे तीन हजार गेले. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट एक हजार. हाती राहिले दोन हजार.

आता दुसरी बाजू. काकांचा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम बारा हजार होता, बोनस ५० टक्के, म्हणून ते सहा हजार भरत. क्लेमनंतर बोनस शून्य, म्हणजे पहिल्या वर्षी सहा हजार जास्त. पुढच्या वर्षी बोनस २० टक्के, म्हणजे ३,६०० जास्त. मग ३,०००, मग १,८००, मग ६००. मूळ प्रीमियम तोच धरला तर बेरीज पंधरा हजार, वर १८ टक्के जीएसटी. दोन हजार मिळाले त्याची ही किंमत. ठोकणाऱ्याच्या विम्यातून भरपाई मिळवायचा रस्ता कायद्यात आहे, पण त्यासाठी तो सापडायला हवा आणि एका बंपरसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणाची पायरी चढायला हवी.

तेव्हा बोनस मिळतो तो गाडी नीट चालवण्याबद्दल नव्हे, तर ठोकून गप्प बसण्याबद्दल. करेल तो भरेल, हे कीर्तनात ठीक. विम्याच्या कचेरीत सांगेल तो भरेल.

परदेशात चालवणाऱ्याकडे बघतात. ब्रिटनमध्ये विशीच्या आतल्या पोराला प्रीमियमचा आकडा ऐकून सायकल आवडू लागते. युरोपात बायकांना स्वस्तात विमा मिळायचा. युरोपीय न्यायालयाच्या निकालानं २१ डिसेंबर २०१२ पासून तो भेद बंद झाला. कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी मतदानानं कायदाच केला, की दर ठरवताना सगळ्यात आधी ड्रायव्हिंगचा इतिहास बघायचा, मग वर्षाला किती मैल आणि मग किती वर्षांचा अनुभव. म्हणून सॅन होजेत स्थायिक झालेला आपला पुतण्या निर्मनुष्य चौकातही पाटी बघून थांबतो. तोच पुण्यात उतरला, की विमानतळाच्या बाहेर पडेपर्यंत पूर्ववत होतो.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या कार्यगटानं सुचवलं, की वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याला वेगळा जादा प्रीमियम लावावा. ई-चलनाचे एसएमएस न उघडता लोकअदालतीची वाट बघणाऱ्या समाजाला ही सूचना किती रुचावी? मग जुलै २०२२ मध्ये नियामकानं कंपन्यांना मुभा दिली, की जितकी गाडी चालवाल आणि जशी चालवाल, तसा दर लावा.

‘जशी चालवाल’ हे कळणार एका यंत्रानं किंवा मोबाइलमधल्या ॲपनं. वेग किती, वळणं कशी, ब्रेक किती वेळा कचकन दाबला, याच्या नोंदी ठेवायच्या. कल्पना उत्तम, फक्त ती आमच्या रस्त्यावर आणून बघा. न रंगवलेला गतिरोधक, पाण्यानं झाकलेला खड्डा, दुभाजकातून अवतरलेले आजोबा, यांच्यासाठी काका कचकन ब्रेक दाबणार. साहेब ब्रेक दाबतच नाहीत, हॉर्न दाबतात, आणि हॉर्न यंत्राच्या हिशोबात नाही. महिनाअखेर अहवाल येईल: काका धोकादायक, साहेब स्थिरचित्त.

कंपन्या काही निर्दय नाहीत. काकांसाठी त्यांच्याकडे एक ॲड-ऑन आहे. थोडे जादा पैसे भरले, की अटींत बसणारा क्लेम करूनही बोनस शाबूत राहतो. म्हणजे आधी विमा काढायचा आणि मग तो वापरायची हिंमत वेगळी विकत घ्यायची. एजंटानं परवा दोघांनाही तो देऊ केला. काकांनी चेक फाडला. साहेब हसून म्हणाले, ‘मला कशाला? माझं रेकॉर्ड क्लीन आहे.’