तोरणाखालचे कादिझ

कादिझला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि उरलेल्या बाजूने रेल्वे येते. गोंदियाला समुद्र कुठल्याच बाजूने नाही, रेल्वे मात्र चारही बाजूंनी येते. कादिझ तीन हजार वर्षांचे, फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेले, हे तिथला माणूस ओळख झाल्याबरोबर सांगतो. आमचा जिल्हा 1 मे 1999 चा. भंडाऱ्यापासून वेगळे झालो म्हणून ज्यांनी तेव्हा पेढे वाटले, ते आता मधुमेहाच्या गोळ्यांवर आहेत. तेव्हा या दोन गावांना एका पंगतीत बसवणे बरे नव्हे, हे मला कळते. पण कार्निव्हलच्या दिवसांत कादिझ पाहून आल्यापासून मला तिथले किल्ले आठवत नाहीत, कॅथेड्रल आठवत नाही. आठवतात त्या आमच्या पोळ्यातल्या झडत्या.

मुलगी आणि जावई सेव्हिलला असतात. तिथून कादिझ रेल्वेने दोन तासांच्या आत येते. “मामाजी, शनिवारी लय गर्दी राहते, आपण मधल्या वारी जाऊ,” असे जावईबापू म्हणाले होते. पण गर्दीला भिऊन घरी बसायचे तर त्यासाठी गोंदिया काय वाईट होते? शनिवारीच निघालो. डब्यात एक पोप उभा होता, त्याच्या पायाशी मधमाश्यांचे कुटुंब बसले होते, आणि संडासाच्या दाराला टेकून सहा फुटी बाळ उभे होते. गळ्यात लाळेरे, एका हातात चोखणी, दुसऱ्या हातात बिअर. माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या यात्रेकरूंबरोबर ज्याने दरेकसापर्यंत एका पायावर प्रवास केला आहे, त्याला गर्दीचे काही वाटत नाही. मात्र कचारगडला गोंड समाज आपल्या पूर्वजांच्या गुहेकडे श्रद्धेने जातो, तिथे थट्टेला जागा नाही. कादिझला माणसे थट्टा करायलाच निघाली होती.

थंडी म्हणाल तर आमच्या नवेगावबांधच्या तळ्याकाठच्या डिसेंबरपुढे काहीच नाही, पण वारा समुद्राचा. मी आपली नेहमीची माकडटोपी, मफलर, स्वेटर, त्यावर कोट, आणि मोज्यांवर चपला अशा बेताने उतरलो. स्टेशनबाहेर चार पावले गेलो नाही तोच लोक थांबून कौतुकाने पाहू लागले. एकाने काहीतरी विचारले. जावई म्हणाले, “मामाजी, तुम्ही कोणाचं सोंग घेतलं, असं विचारतोय तो.” जावयाने त्याला काय सांगितले कोण जाणे, पण टाळ्या पडल्या आणि दोन समुद्री चाच्यांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. सौ. म्हणाली, “गोंदियात तुम्ही असेच फिरता, तिथे तं कोणी टाळ्या वाजवत नाही जी.”

कार्निव्हल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रिओ येते, नाहीतर पणजी. पिसे, चित्ररथ, ढोल, आणि गोव्यात तो किंग मोमो. कादिझलाही मिरवणूक आहे, मोमोही आहे, पण गावाचा जीव त्यात नाही. त्यांचा जीव गाण्यात आहे आणि गाण्याचा जीव टोमण्यात. दहा-बारा जणांचे एक मंडळ असते, त्याला चिरिगोता म्हणतात. सगळे एकाच वेषात. एखाद्या वर्षी सगळे शवपेट्या विकणारे, एखाद्या वर्षी सगळे बेकार देवदूत. ज्याला जे सुचेल ते. गिटार, एक मोठा ढोल, एक लहान, आणि तोंडाने वाजवायची बोरूची पिपाणी. ती वाजली की प्रतिष्ठित माणूससुद्धा क्षणात हास्यास्पद होतो. गाणी दर वर्षी नवी करायची, मागच्या वर्षीची चालत नाहीत. महापौर, मंत्री, पोप, राजा, शेजारी, सासू, कोणालाच माफी नाही. त्यांच्यात आणखी पोटभेद आहेत. कोंपार्सा जरा गंभीर, डोळ्यांत पाणी आणणारी. कोरो म्हणजे चाळीस-एक जणांचा ताफा, गाड्यांवर बसून बाजारभर गात फिरणारा. आणि तीन-चार जणांचे क्वार्तेतो, जे यमकांत नाटुकलेच करते. आमच्याकडचे खडी गंमत हे लोकनाट्य पाहिलेल्या माणसाला यातले काही नवे सांगावे लागत नाही.

या सगळ्यांची स्पर्धा जानेवारीपासून तिथल्या फाया नाट्यगृहात चालते. मानुएल दे फाया हा मोठा संगीतकार कादिझचा, 1876 साली जन्मलेला. त्याचे नाव या लाल विटांच्या थिएटरला दिले आहे. अंतिम फेरी रात्री सुरू होते ती उजाडेपर्यंत, आणि टीव्हीसमोर घरेच्या घरे जागतात. आमच्या झाडीपट्टीत हे कौतुकाने सांगण्यासारखे नाही. वडशाच्या कंपन्यांची नाटके दिवाळीनंतर गावोगाव लागतात तीही पहाटेपर्यंतच चालतात, आणि आमचा प्रेक्षक तर सोफ्यावर बसत नाही, तो घोंगडी घेऊन तणसावर बसतो. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी आम्हाला विचारले, ही झाडीपट्टी कुठे आली? आम्ही सांगितले, तांदूळ येतो त्या बाजूला.

पण मला थिएटरापेक्षा रस्ता आवडला. स्पर्धेत नाव न घातलेली मंडळे गल्लीबोळांत, चर्चच्या पायऱ्यांवर, बंद दुकानाच्या उंबऱ्यावर उभी राहून गातात. त्यांना तिथे बेकायदा म्हणतात, आणि हे बेकायदाच सगळ्यांत लाडके. एका कोपऱ्यावर भांडी घासणाऱ्या बायांच्या वेषात काही म्हातारे गात होते. जावई माझ्या कानात अर्थ सांगत होते: पर्यटकांना खोल्या देऊन देऊन घरभाडे इतके वाढले की गाववाल्याला आता समुद्रातच खोली करावी लागणार. सौ.ला कोणी अर्थ सांगत नव्हते, तरी ती पदर तोंडाला लावून हसत होती. “काय कळलं तुला?” मी विचारले. “सरकारला बोलतात ना? चेहऱ्यावरून कळते,” ती म्हणाली.

तिथे मला आमचा आखर दिसला. पोळ्याच्या संध्याकाळी गावाबाहेर आखरावर बैल रांगेने उभे, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि वर आंब्याच्या पानांचे तोरण. तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. एक जण पुढे येतो, हात वर करतो, आणि चार-सहा यमकी ओळींत कोणाची तरी धूळ झाडतो. शेवटी सगळे मिळून ‘हर हर महादेव’. मग त्याला उत्तर द्यायला रांगेच्या दुसऱ्या टोकाचा कोणी तरी उठतो. धानाच्या बोनसचे काय झाले, खरेदी केंद्रावर बारदाना का संपतो, खताचा भाव, कोरडा पडलेला कालवा, पाटलाची नवी गाडी, सावकाराचे जुने पोट. वर्षभर ज्या माणसासमोर टोपी काढून उभे राहावे लागते, तो पहिल्या रांगेत आपला बैल धरून उभा असतो, आणि त्याला ते ऐकून हसावे लागते. न हसला तर दुसरी झडती त्याच्या न हसण्यावर होते. कादिझच्या थिएटरात यासाठी परीक्षक लागतात, तिकीट लागते. आमच्याकडे लाज वाटलेल्या माणसाचा चेहरा हाच निकाल.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या पहाटे, मारबत. दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या काढायच्या, आणि खोकला, खरूज, ढेकूण, मच्छर या सगळ्यांना मारबतीबरोबर शिवेबाहेर धाडायचे. पोरे गळा फाटेस्तोवर ओरडतात. नागपूरने याचा मोठा उत्सव केला. तिथे 1881 पासून काळ्या मारबतीचा आणि 1885 पासून पिवळीचा पुतळा निघतो, आणि सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराचे, महागाईचे, पुढाऱ्यांचे पुतळे. कादिझकरही कार्निव्हलच्या शेवटच्या रविवारी ला कालेताच्या किनाऱ्यावर पिती नावाच्या चेटकिणीचा पुतळा जाळतात. ला कालेता ही तीच चौपाटी, जी 2002 च्या जेम्स बाँडपटात हवाना म्हणून दाखवली होती. म्हणजे सोंग घेण्यात त्या गावाची वाळूसुद्धा मागे नाही.

खाण्याचे सांगायला हवे, नाहीतर सौ. रागवेल. बारीक झिंगे, कांदा, कोथिंबिरीच्या नात्यातला पाला, हे सगळे बेसन आणि कणकेच्या पातळ पिठात कालवून तेलात सोडतात. कुरकुरीत, जाळीदार. तिने एक खाल्ले, दुसरे खाल्ले, आणि निर्णय दिला की मीठ बरोबर, तिखट नाही, आणि तळ्यातल्या झिंग्यांचे याहून चांगले होईल. आल्यावर तिने ते केलेही. चांगले झाले. पण त्या खाऱ्या वाऱ्यात उभे राहून कागदाच्या पुडीतून खाण्याची मजा नवेगावबांधच्या काठावरही येत नाही, हे मी तिच्या पाठीमागे लिहून ठेवतो.

कादिझची एक गोष्ट मला फारच आवडली. 1904 साली तिथल्या एका किनाऱ्यावर वाळूत चांदीची जुनी नाणी सापडली. झाले, सगळे गाव घमेली, फावडी, काही नसेल तर नखे घेऊन वाळू उकरायला धावले. श्रीमंत, गरीब, लुगडी वर खोचलेल्या म्हाताऱ्या, सगळे. कोणाला नाणी मिळाली, कोणाला कंबरदुखी. पुढच्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये अंतोनियो रोद्रिगेस या गीतकाराच्या मंडळाने त्यावर गाणे केले, आपल्याच गावाच्या हावरेपणाची टर उडवणारे. आज शंभरावर वर्षे झाली, ते गाणे सुरू झाले की सगळे कादिझ सोबत गाते. दुसरी गावे आपल्या शौर्याची गाणी गातात. या गावाने आपल्या फजितीचे राष्ट्रगीत केले. अशा गावात राहायला मी तयार आहे, फक्त भात वेळेवर मिळाला पाहिजे.

पण हे हसू त्यांना फुकट मिळालेले नाही. स्पेनच्या यादवी युद्धात, 1937 साली, फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हलवर बंदी घातली. मुखवटा घातलेला माणूस काय बोलेल याचा हुकूमशहाला नेहमी धसका असतो. लोक दारे लावून, दारूच्या गुत्त्यात, हळू आवाजात गात राहिले. पुढे थोडी सूट मिळाली, तीही सेन्सॉरच्या कात्रीतून आणि दुसऱ्या नावाने. एवढेच नव्हे तर उत्सव उचलून मे महिन्यात नेला. पोळा मार्गशीर्षात करा, असे कोणी सांगितले तर कसे वाटेल? फ्रँको 1975 मध्ये गेला, आणि 1977 साली कार्निव्हल आपल्या जागी, फेब्रुवारीत परतला. चाळीस वर्षे. या काळात झडत्या विसरून जायला त्यांना पुरेपूर संधी होती. पुढे 2015 ते 2023 या काळात महापौर राहिलेले होसे मारिया गोन्झालेस, ज्यांना सगळे किची म्हणतात, ते स्वतः कार्निव्हलच्या मंडळात गाणारे. आमच्याकडे प्रवास बरेचदा उलटा होतो: चांगली झडती म्हणणारा माणूस सरपंच झाला की त्याचा घसा बसतो.

आमच्या झडत्यांवर कोणी बंदी घातली नाही. तरी त्या कमी होत आहेत. तोरणाच्या जागी आता बॅनर लागतो, त्यावर झडतीत ज्याचे नाव यायला हवे त्याचाच हात जोडलेला फोटो. पोळा भरतो तेव्हा डीजे इतका मोठा असतो की बैलसुद्धा बिचकतात, आणि झडती म्हणणारा म्हातारा दोनदा तोंड उघडतो, तिसऱ्यांदा तंबाखू मळतो. मग बक्षीस वाटप, मग प्रमुख पाहुण्यांचे भाषण, तेही विनोदी नसते. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, हे कारण खरे आहे. पण टोमणा मारायला बैल लागतोच असे नाही. भाऊबिजेपासून आमच्या गावोगाव मंडई भरते, शेजारच्या गावाची तारीख टाळून, पाहुण्या-रावळ्यांनी घरे भरून. दंडार होते, खडी गंमत होते, गोवाऱ्यांची ढाल नाचते. तिथे एक तास झडत्यांना दिला तर नाटकाचा पडदा उघडायला काही उशीर होत नाही, तो तसाही उशिराच उघडतो.

कादिझमध्ये मी पाहिले, दहा-बारा वर्षांची पोरे चौकात गात होती. त्यांचीही स्पर्धा असते. मास्तरांवर आणि आयांवर त्यांनी जे रचले होते ते ऐकून त्यांच्या आयाच सर्वांत जोरात हसत होत्या. आमच्या पोरांनी घरात यमक जुळवले तर आधी कानशिलात बसते, दाद नंतर.

म्हणून वाचकहो, विनंती एवढीच. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, जिथे कुठे तुमचे गाव असेल, येत्या पोळ्याला आखरावर जा. डीजेवाल्याला चहा पाजून अर्धा तास शेजारच्या गल्लीत बसवा. एखादा म्हातारा हात वर करून पुढे आला तर त्याची झडती नीट ऐका, आणि मोबाइल निघालाच आहे तर बैलासोबत स्वतःचा फोटो काढून झाल्यावर तीही रेकॉर्ड करून घ्या. त्यात तुमचे नाव आले तर पुसू नका.