गर्दीचं तिकीट

व्हेनिस पाहायला निघणाऱ्यांनी शहराचं दरपत्रक आधी वाचावं, आणि तेही उलटं. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने मुक्काम न करता फिरून जाणाऱ्यांवर पाच युरो प्रवेशशुल्क बसवलं. ते ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत लागतं. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४ झाले, आणि ऐनवेळी जागं होणाऱ्यांना दर दुप्पट. नाट्यगृहात पहिल्या रांगेला जास्त पैसे पडतात. इथे मात्र ज्या वेळी सान मार्कोच्या चौकात पुढच्याच्या टोपीपलीकडे काही दिसत नाही, त्या वेळेचं तिकीट. आणि चारनंतर उन्हं उतरतात, गल्ल्या मोकळ्या होतात, तेव्हा शहर फुकट! कधी येऊ नये, हे नगरपालिकेने यापेक्षा स्पष्ट लिहून द्यायला हवं होतं का?

तरीही आपल्या सहली नेमक्या त्याच वेळेत येतात. सकाळी बस धक्क्याशी लागते, मंडळी बोटीने चौकात उतरतात, तापलेल्या काचेचा घोडा कसा होतो ते पाहतात, गोंडोलात बसून फोटो काढतात आणि तीन-साडेतीनला परत निघतात. शुल्क ज्यासाठी आहे ते सगळं त्यांना मिळतं, आणि ज्यासाठी नाही ते तेवढं राहून जातं.

यावर कुणी म्हणेल, शुल्क गर्दी कमी करण्यासाठीच आहे, म्हणजे दिवसही सुसह्य होईल. हेतू उदात्तच आहे. पण पहिल्या वर्षी २९ दिवसांत सुमारे ४ लाख ८५ हजार लोकांनी ते भरलं, म्हणजे दिवसाला सरासरी सोळा हजारांहून अधिक. तिजोरीत सुमारे २४ लाख युरो आले. मुक्कामी पाहुणे यात धरलेलेच नाहीत. उलट, पाच युरो मोजल्यावर माणूस शहराकडे हक्काने पाहू लागतो आणि कालव्याला वास येतो म्हणून तक्रार करतो. पाहुणे असे येत असताना राहणारे मात्र घटलेत: बेटांवरच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत होते; २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांखाली गेला. रियाल्टोजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत २००८ पासून रहिवाशांचा आकडा झळकतो आहे. तिकीट काढून आलेल्यांनी तेही जरूर पाहावं, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

दुसरा आक्षेप खिशाचा: रात्री बेटावर राहणं परवडत नाही. मान्य. पण पुलापलीकडचं मेस्त्रे त्याच नगरपालिकेत आहे. तिथल्या हॉटेलात उतरलेल्यांनी आधी नोंद केली की हे शुल्क माफ. रेल्वेने दहा-बारा मिनिटांत बेटावर येता येतं. खिशाची एवढी काळजी असेल, तर गोंडोलाचं अधिकृत दरपत्रकही पाहावं: दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतरच्या फेरीला ११०. म्हणजे संध्याकाळची किंमत वल्हं मारणाऱ्याला नीट ठाऊक आहे, दारावर तिकीट फाडणाऱ्यालाच तेवढी कळलेली नाही. ज्यांना नुसतं गोंडोलात चढल्याचं समाधान हवं, त्यांच्यासाठी ग्रँड कॅनॉल ओलांडून देणारा त्रागेत्तो आहे. दोन युरोंत दोन मिनिटं, तेच पाणी. प्रेमगीत मात्र स्वतःच म्हणावं लागतं.

राहिले बारीकसारीक नियम. चौकात, पायऱ्यांवर बसून डबा उघडला तर दंड होतो, त्यामुळे दशम्या बोटीतच संपवाव्यात. कबुतरांना दाणे टाकणं २००८ पासून बंद आहे. पुण्य इतरत्र कमवावं. २०२४ पासून मार्गदर्शकाबरोबरच्या गटात पंचवीसच माणसं चालतात आणि भोंग्यावरून माहिती सांगायला मनाई आहे, तेव्हा बसभर मराठी मंडळींना इतिहास हळू आवाजात ऐकण्याचा सराव निघण्यापूर्वी करावा लागेल. चौकातल्या, १७२० पासून चालू असलेल्या फ्लोरियन कॅफेमध्ये बाहेर बसलात आणि वाद्यवृंद वाजत असेल, तर बिलात संगीताचे वेगळे पैसे लागतात. ते टाळायचे असतील, तर पलीकडच्या साध्या बारमध्ये उभ्याने कॉफी घ्यावी, म्हणजे बसण्याचेही वाचतात.

शेवटची शंका चाणाक्षांची: सगळेच चारनंतर आले तर संध्याकाळचीही सकाळ होणार नाही का? निदान आपल्याकडून तसा धोका नाही. सात वाजता मुक्कामाच्या हॉटेलात वरणभात वाढलेला असतो, आणि त्यासाठी बस चारच्या आत हलावीच लागते.